रुंद टायर घेऊन अलिबागला येताय?

२०२४ साल सरता सरता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली. लोकांनी ढकलून पाहिली, गाडी जागची हलेना. शेवटी दोर बांधला, तिथलीच एक बैलगाडी पुढे जुंपली आणि बैलांनी ती ओढून बाहेर काढली. चित्रफीत मोबाइलवरून घरोघर पोचली. बैलांचं कौतुक झालं, फेरारीवाल्यांची थट्टा झाली. टायरकडे मात्र कुणी पाहिलं नाही. गरम कोरडं डांबर घट्ट धरून ठेवणं हे अशा गाडीच्या टायरचं काम. तो रुंद, उथळ खाचांचा आणि हवेने टणक भरलेला असतो. भुसभुशीत वाळूत अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो स्वतःच्याच खाली खड्डा खणतो आणि पोट वाळूला टेकलं की खेळ संपला. त्यामुळे किनाऱ्यावर गाडी नेऊच नका. पोलीस गुन्हा नोंदवतात ते वेगळंच, आणि भरती लागली तर ट्रॅक्टर शोधायलाही वेळ उरत नाही.

पण वाळूत रुतणारे मोजके. आमच्याकडे शनिवार-रविवारी टायर कामाला लागतात ते डांबरावर. मी पेणचा, आणि कामानिमित्त मुरूडपर्यंत फेऱ्या चालूच असतात. सहा वर्षांपूर्वी एक जुनी जर्मन सेडान घेतली, ती अठरा इंची चाकांसकट आली. तेव्हापासून टायरवर जेवढा खर्च झाला, तेवढ्यात मुलीची स्कूटर आली असती. पुढे लिहिलंय ते त्या खर्चातून शिकलेलं आहे, आणि थोडं पंक्चरवाल्यांच्या दुकानात स्टुलावर बसून ऐकलेलं.

आधी आकडे. टायरच्या बाजूवर २२५/४० आर १८ असं काहीतरी कोरलेलं असतं. २२५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे बाजूची उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. २२५ चे चाळीस टक्के म्हणजे ९० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १८ हा रिमचा व्यास, इंचात. आता साध्या सेडानचा २०५/५५ आर १६ घ्या. त्याची बाजू भरते ११३ मिलिमीटर. म्हणजे माझ्या गाडीच्या रिममध्ये आणि रस्त्यामध्ये दोन-सव्वादोन सेंटिमीटर रबर कमी आहे. द्रुतगती मार्गावरच्या वळणावर हेच कमी रबर सुख देतं. स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, डुलत नाही. वडखळ नाक्यावरून डावीकडे वळण्याऐवजी अलिबागच्या रस्त्याला लागलात, की त्याच सुखाचं बिल यायला लागतं.

माझं बिल जुलैच्या एका रात्री आलं. पोयनाड सोडलं, पाऊस धो धो. रस्त्यावर पाण्याचं एक तळं दिसलं. तळं म्हणजे पाणीच असणार असं समजून ताशी पन्नासने आत घातली. ठक्क असा एकच आवाज, पुढच्या डाव्या चाकाखालून. हवा गेली नाही, गाडी ओढत नव्हती, म्हणून कार्ले खिंड उतरून अलिबागला मुक्कामाला गेलो. सकाळी बाहेरून टायर पाहिला, ओरखडाही नव्हता. परतीच्या वाटेवर मनात शंका नको म्हणून एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. त्याने चाक उतरवलं, आडवं केलं, ओला हात आतल्या बाजूवरून हळूहळू फिरवला आणि एका जागी थांबला. माझा हात धरून तिथे ठेवला. अर्ध्या लिंबाएवढा फुगा. “साहेब, ह्याच्यावर पनवेल गाठू नका,” एवढंच म्हणाला.

होतं असं की खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायरची बाजू चिमट्यात सापडते. बाहेरचं रबर शाबूत राहतं, पण आतले दोरे तुटतात. मग जिथे दोरे नाहीत तिथून हवा रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. त्याला पॅच नाही, इलाज नाही. तो उद्या फुटेल की महिन्याने, हे कुणी सांगू शकत नाही. पण फुटला तर वेगात फुटेल, कारण वेगातच टायर तापतो. बहुतेक मालक फुगा बाहेरच्या बाजूला शोधतात. तुमच्याही चाकाला असा ठक्क बसला असेल, तर स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाची आतली बाजू हाताने चाचपा. मागच्या चाकांसाठी गाडी उचलावी लागते, त्याला आळस करू नका. रिमची आतली कडही बघा. ती वाकली असेल तर नव्या टायरमधूनही हवा झिरपत राहते.

तो टायर मी विक्रेत्याकडे नेला. अकरा महिन्यांचा होता, वॉरंटी होती. त्याने फुग्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, हा कारखान्याचा दोष नाही, रस्त्याचा मार आहे. वॉरंटीत बसत नाही. मी चिडलो, वाद घातला. घरी येऊन कागद वाचला तर त्याचं बरोबर होतं. बहुतेक वॉरंट्या उत्पादनातल्या दोषापुरत्याच असतात. खड्ड्याने झालेलं नुकसान भरून देणाऱ्या योजना काही कंपन्यांकडे आहेत, पण त्यासाठी खरेदीनंतर नोंदणी करावी लागते आणि दुकानदार ती आपणहून करत नाही. विमा? नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरची भरपाई, तीही नव्या टायरच्या किमतीच्या निम्मी. टायरसाठीचं वेगळं जोड-संरक्षण थोड्या हप्त्यात मिळतं. अठरा इंचाच्या वरची चाकं असतील आणि कोकणात येणं-जाणं असेल तर ते घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

हे झालं खड्ड्याचं. पण रायगडच्या किनारपट्टीवर टायरला दुसराही शत्रू आहे, आणि मुंबईचा ड्रायव्हर त्याला ओळखत नाही: डांबराची कड. रेवदंडा, साळाव, काशीद, नांदगाव, मुरूड या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी दोन गाड्या जेमतेम बसतात. समोरून एसटी आली की डावं चाक साइडपट्टीवर उतरवावं लागतं. पावसाने साइडपट्टी खचलेली असते आणि डांबर वीतभर उंच राहतं. पुन्हा रस्त्यावर चढताना लोक स्टिअरिंग थोडंसंच वळवतात, मग ती कड टायरच्या बाजूला करवतीसारखी घासत जाते. उंच बाजूचा टायर हे सोसतो, पातळ बाजूच्याला काप बसतो. युक्ती सोपी आहे. उतरायचं असेल तर जवळजवळ थांबून उतरा, आणि चढताना गाडी अगदी हळू ठेवून चाक कडेला जास्त कोनात न्या, म्हणजे टायर कडेवर चढेल, तिला घासणार नाही. वाडीच्या कडेचे जांभ्याचे गडगेही असेच. पार्किंग करताना रिमला लागला तर रंग जातो. बाजूला लागला तर टायर जातो.

पावसाचं बोलू. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा पाण्यात रुंद टायर जास्त सुरक्षित, असा एक गोड गैरसमज आहे. ओल्या रस्त्यावर चांगलं स्पोर्ट रबर खरंच छान थांबवतं. त्यातल्या सिलिकामिश्रित रबराचा तो गुण आहे. पण पाणी साचलेलं असेल तर गोष्ट उलटते. रुंद टायरला वाटेतून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो, आणि तेवढा वेळ ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरर्थक. १९६० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या संशोधकांनी विमानाच्या चाकांवर प्रयोग करून एक ढोबळ हिशेब मांडला होता: तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्या हिशेबाने ३३ पीएसआय हवा असलेला टायर ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास तरंगायला लागेल, २५ हवा असलेला ८३ च्या आसपास. हा आकडा जसाच्या तसा गाडीला लावू नका, कारण खाचा किती उरल्यात, पाणी किती खोल, टायर किती रुंद यावर तो खाली-वर होतो. पण दिशा पक्की आहे. पावसाळ्यात टायरची हवा कमी केली की पकड वाढते असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचं ऐकू नका.

खाचांचं म्हणाल तर कायद्याने कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. खाचांच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की कायद्याच्या दृष्टीने तो संपला. नव्या टायरची खोली साधारण आठ मिलिमीटर. माझा स्वतःचा नियम असा की मेअखेरीला तीनपेक्षा कमी उरली असेल तर पावसाळ्याआधी बदलायचा. दिवाळीला बदलू म्हणणारे नेमके चार महिने चुकीचे निवडतात. स्पोर्ट टायरचं रबर मऊ, त्यामुळे तो लवकर झिजतो. पंचवीस-तीस हजार किलोमीटरला तो मान टाकायला लागला तर दुकानदाराशी भांडू नका. मऊपणाचेच पैसे तुम्ही दिले होते.

वेगाचं अक्षर लोक चेष्टेवारी नेतात. ९१ व्ही लिहिलेलं असेल तर ९१ हा भाराचा क्रमांक, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. “आपण कुठे दोनशे चाळीसने जाणार?” म्हणून खालच्या अक्षराचा स्वस्त टायर घेतला जातो. पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसेल हेही सांगत असतं. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला. २१.८ किलोमीटर, कारला शंभरची मर्यादा, उतरलात की चिर्ले, म्हणजे रायगडच. मेच्या दुपारी, चौघं आणि सामान घेऊन, हवा कमी असताना तेवढं अंतर सलग शंभरने कापलं की टायर आतून किती तापतो ते हात लावून पाहा. उत्पादकाने दिलेल्या अक्षराच्या आणि भाराच्या खाली जायचं नाही. विजेवरच्या गाड्या बॅटरीमुळे जड असतात, तिथे भाराचा क्रमांक तर अजिबात सोडू नका. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केली तेव्हा किती कुरकुर झाली. मला तर ती तपासणी पेणलाही हवी होती.

मोठी चाकं लावायचा मोह अनेकांना होतो, विशेषतः छोट्या जोरदार हॅचबॅकवाल्यांना. तुमच्या गाडीला १९५/५५ आर १६ असेल आणि सतरा इंची मॅगव्हील आवडली असतील तर २०५/४५ आर १७ हे माप एकूण उंचीला जवळपास जुळतं, फरक एका टक्क्याच्या आत. स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही. पण बाजू १०७ वरून ९२ मिलिमीटरवर आली. हे पंधरा मिलिमीटर नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर तुम्हाला आठवणारही नाहीत, इंदापूर-माणगावच्या पट्ट्यात प्रत्येक सांध्यावर आठवतील. माझा सल्ला उलटा आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त मापं दिलेली असतात. त्यातलं छोट्या रिमचं माप ब्रेकवर बसत असेल तर घ्या. मी अठरावरून सतरावर आलो. २२५/४५ आर १७, बाजू १०१ मिलिमीटर. गाडी वळणावर किंचित मऊ झाली, हे कबूल. दोन पावसाळे झाले, फुगा नाही.

खरेदी करताना तारीख बघा. बाजूवर डॉट या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. जून २०२० मध्ये केंद्राने टायरच्या आयातीला परवान्याची अट घातली, तेव्हापासून परदेशी स्पोर्ट टायरची काही मापं मागितल्या मागितल्या मिळत नाहीत. मग दुकानदार मागे कुठेतरी पडलेला जुना जोड पुसून आणतो आणि “शेवटचा सेट आहे” म्हणतो. वर्षभर नीट ठेवलेला टायर घ्यायला हरकत नाही. तीन वर्षांचा असेल तर किंमत तशी बोला, नाहीतर निघा. आयएसआयचा शिक्का नसलेला घेऊच नका. “परदेशातून मित्राने आणला” अशा टायरच्या गोष्टी दुकानात ऐकायला बऱ्या असतात.

दोनच टायर घेत असाल तर नवे मागे लावा. पंक्चरवाला हमखास पुढे लावायला बघेल, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर जास्तच आग्रहाने. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि खिंडीच्या वळणावर फिरलेली गाडी सावरणारे ड्रायव्हर मी फारसे पाहिलेले नाहीत. काही गाड्यांना मागची चाकं पुढच्यापेक्षा रुंद असतात, तिथे अदलाबदल होतच नाही. बाण असलेला टायर बाणाच्या दिशेने, आणि आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर. हे बसवून झाल्यावर स्वतः चारही चाकांभोवती फिरून बघा. मी एकदा उलटा बसवलेला टायर घेऊन वडखळपर्यंत आलो होतो.

स्टेपनीचा प्रश्न किनाऱ्यावर सगळ्यात बोचतो. टायर ट्यूबलेस, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. त्यामुळे अनेक महागड्या आणि विजेवरच्या गाड्यांच्या डिकीत बाटलीतलं द्रव आणि छोटा पंप एवढंच निघतं. खिळा लागला तर ते चालतं. बाजू कापली तर त्या बाटलीचा उपयोग रस्ता धुवायला. दिघी-श्रीवर्धनकडे जाणार असाल आणि जागा असेल तर सुट्टीपुरती एक पातळ स्टेपनी, जॅक आणि पाना डिकीत टाका. तिच्यावर ऐंशीच्या वर जायचं नाही. पंक्चर काढताना बाहेरून वादी घालून घर गाठा, पण नंतर चाक उतरवून आतून मशरूम पॅच मारून घ्या. तोही फक्त मधल्या पट्ट्यातल्या भोकाला. कडेजवळ किंवा बाजूला पंक्चर असेल तर टायर बदलायचा. पातळ बाजूचा टायर लोखंडी टॉमीने उपसू देऊ नका. रिमची कड, टायरची कड आणि आतला सेन्सर, तिघांपैकी एकाचा बळी जातो. मशीनवर उतरवणारी दुकानं पेणला, अलिबागला आहेत, मुरूडच्या पुढे ती विरळ होत जातात. आत आवाज शोषणारा फोम चिकटवलेला असेल तर पॅचपुरता तो कापावा लागतो, हे दुकानदाराला आधीच सांगा, नाहीतर तो टायर उघडून बुचकळ्यात पडतो.

आता थोडं किहीम, आवास, सासवण्याच्या बंगलेवाल्यांसाठी. तुमची दुसरी गाडी तिथे आठवडे-आठवडे उभी असते. एकाच जागी उभा टायर खाली चपटा होतो; पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग थरथरतं आणि मग बहुतेक वेळा थरथर थांबते. थांबत नसेल तर टायर कायमचा बसला. खाचा नव्यासारख्या, पण टायर सहा-सात वर्षांचा आणि बाजूवर बारीक भेगा, हे दृश्य बंगल्यांच्या शेडमध्ये नेहमीचं. किलोमीटरवर जाऊ नका. पाच वर्षांनंतर दरवर्षी दाखवून घ्या, दहा वर्षांनंतर कसाही दिसला तरी काढा. माळ्याला सांगून आठवड्यातून एकदा गाडी हातभर पुढे-मागे करा आणि सावलीत ठेवा. खाऱ्या हवेने मॅगव्हीलची आतली कड पांढरी पडून सोलवटते, तिथून हवा हळूहळू जाते आणि लोक महिनाभर पंक्चर शोधत बसतात. टायर उतरवला असेल तेव्हा ती कड घासून साफ करायला सांगा. व्हॉल्व्हच्या टोप्या हरवल्या असतील तर दहा-वीस रुपयांच्या आहेत, लावून टाका. मांडव्याला रो-रोने गाडी आणलीत तर उतरल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा.

राहिली हवा. नायट्रोजन भरा अथवा साधी, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. मात्र पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, म्हणून मुंबईहून तापून आलेल्या टायरची ३७ हवा बघून घाबरून काढू नका. रात्री ती खाली येईल आणि सकाळी टायर उपाशी असेल. स्वतःचा छोटा मापक डॅशबोर्डमध्ये ठेवा, पंपावरची यंत्रं एकमेकांशी भांडतात. आणि पंपावरच्या पोराने “किती मारू?” विचारलं की सवयीने “तीस-बत्तीस” म्हणू नका. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावरचा स्टिकर वाचा. त्यात दोघांसाठीचा आकडा वेगळा असतो, आणि मागे बसलेली सासू-सासऱ्यांची जोडी, डिकीतला पांढऱ्या कांद्याच्या माळांचा आणि सुक्या मासळीचा डबा धरून येणारा आकडा वेगळा.